मोटारीतला रेडिओ: ठिणगीशी झालेली लढाई

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचीही एक लढाईच आहे, पण ती तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डमागे लढली गेली. घाट सुरू झाला की एफएम का खरखरतो? सिग्नलला गाडी थांबली की गाणं एकाएकी का फाटतं, आणि दोन हात पुढे सरकताच परत कसं नीट लागतं? रात्री मीडियम वेव्हवर काटा फिरवला की दिवसा कुठेही न सापडणारी परप्रांतातली स्टेशनं कशी येतात? ही सगळी उत्तरं मोटारीतल्या रेडिओच्या इतिहासात आहेत. तो इतिहास आज सांगावासा वाटतो, कारण गेल्या काही वर्षांत या रेडिओतला एक जुना आणि महत्त्वाचा भाग फारसा गाजावाजा न होता गाड्यांतून काढला जातो आहे.

सुरुवात ठिणगीपासून करू. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगात दाखवल्या, त्या ठिणगी पाडून. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली, तीही ठिणगीतून निघालेल्या लहरींनीच. मार्कोनीची सुरुवातीची यंत्रंही ठिणगीवर चालत. ठिणगी पडली की सगळ्या दिशांना आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर लहरी पसरतात. म्हणजे ठिणगी हा जगातला पहिला ट्रान्समीटर.

आता पेट्रोलच्या इंजिनाकडे बघा. त्यात स्पार्क प्लग असतात आणि ते मिनिटाला हजारो ठिणग्या पाडतात. पेट्रोलवर चालणारी प्रत्येक मोटार हे एक फिरतं, बेशिस्त रेडिओ स्टेशनच असतं. अशा गाडीच्या पोटात बसून शेकडो किलोमीटरवरून येणारी क्षीण लहर ऐकायची, हे तोफखान्याच्या शेजारी उभं राहून कुजबुज ऐकण्यासारखं आहे. त्यात भर म्हणजे गाडी लोखंडी पेटी, अँटेना आखूड, आणि सगळा डोलारा धावता. रेडिओसाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही.

तरीही माणसाने हट्ट धरला. १९३० च्या जूनमध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विनने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला नेली. आत त्याला जागा घेतलेली नव्हती, म्हणून बाहेर गाडी उभी करून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. मोटारीसाठीच्या या रेडिओला त्याने नाव दिलं मोटोरोला, आणि पुढे त्याची कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये मोटारीचा रेडिओ आणला. तो संच एवढा मोठा होता की चालकाच्या हाताशी मावेना, म्हणून त्याची बटणं स्टीअरिंगच्या दांड्यावर बसवावी लागली. आज स्टीअरिंगवर आवाजाची बटणं असतात त्याचं कौतुक करताना एवढं लक्षात ठेवा, की ती सोय नव्वद वर्षांहून जुनी आहे.

या पहिल्या संचांपुढे दोन अडचणी होत्या. पहिली विजेची. त्या काळचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत, आणि व्हॉल्व्हना शंभर-दोनशे व्होल्ट लागत. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. सुरुवातीला गाडीच्या फळीखाली वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवत. मग व्हायब्रेटर नावाचा भाग आला. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देई आणि व्होल्टेज वाढवून घेई. जुन्या गाड्यांतला रेडिओ लावला की आधी एक बारीक गुणगुण ऐकू येई, ती या व्हायब्रेटरची. ही कटकट ट्रान्झिस्टरने संपवली. १९५५ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरच्या गाडीत पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ बसला आणि संच थेट गाडीच्या बॅटरीवर चालू लागला.

दुसरी अडचण ठिणगीची, आणि ती अधिक चिवट. त्यावर उपाय एकच होता: गाडीला गप्प करायचं. स्पार्क प्लगच्या तारांत रोधक घाला, डायनॅमोवर कपॅसिटर बसवा, बॉनेट आणि बॉडी एकमेकांना तांब्याच्या पट्टीने नीट जोडा. सैन्यात वायरलेस बसवलेल्या गाड्यांचं इग्निशन याच पद्धतीने झाकलेलं असे. आमच्याकडे नव्या मुलांना पहिला धडा मिळे तो हाच: संच तपासण्याआधी गाडी तपास. खरखर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल तर दोष गाडीत आहे, वेग बदलूनही ती तशीच राहिली तर बाहेर आहे. ही कसोटी आजही तुमच्या गाडीत जशीच्या तशी लागू पडते.

मीडियम वेव्हचा देश

आता भारतात येऊ. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या स्टेशनचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं, आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं स्टेशन सुरू झालं. दोन्ही ट्रान्समीटर दीड-दीड किलोवॅटचे. आज एखाद्या घरातल्या इस्त्रीला याच्या आसपास वीज लागते. मुंबईचं स्टेशन खात्रीने ऐकू यायचं ते साधारण पन्नास किलोमीटरच्या आत. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हातात घेतला, आणि ८ जून १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं.

हे सगळं प्रक्षेपण मुख्यतः मीडियम वेव्हवर होतं. पुढे अनेक दशकं भारतीय मोटारीतला रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह, आणि फार तर जोडीला शॉर्ट वेव्ह. म्हणून या लहरींचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

मीडियम वेव्हची लहर लांब असते. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झच्या स्टेशनची एक लहर सुमारे ५३८ मीटर लांब, पुण्याच्या ७९२ ची सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते. टेकडी आडवी आली तर ती तिला वळसा घालते. खाऱ्या पाण्यावरून तर ती सर्वांत लांब जाते, म्हणून समुद्रातल्या मच्छीमारांना किनाऱ्यावरच्या केंद्राच्या बातम्या आणि वादळाच्या सूचना मिळत आल्या. ही झाली जमिनीची लहर, दिवसाची.

रात्री वेगळाच खेळ सुरू होतो. आकाशात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर असतो. दिवसा उन्हामुळे तो दाट होतो आणि वर जाणारी मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग त्याच्या वरच्या थरांवर आपटून लहर परत खाली येते, शेकडो किलोमीटर दूर, कधी हजारावर. म्हणूनच रात्री विदर्भात दिल्लीचं ८१९ लागतं, आणि कर्नाटकात इंदूरचं ६४८ कानावर पडतं. रात्रीच हे स्टेशन लाटेसारखं चढतं-उतरतं, कारण आकाशातून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. संचात काही बिघडलेलं नसतं. अर्धं मिनिट थांबलात तर आवाज आपोआप परत येतो.

मीडियम वेव्हचा एक शत्रू मात्र आहे: लोखंडी छत. चारशे मीटर लांबीची लहर बोगद्यात किंवा पोलादी पुलाखाली शिरू शकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यात शिरताच मीडियम वेव्ह लगेच गप्प होतो, तर एफएम तोंडाशी थोडा वेळ तग धरतो.

त्या काळी रेडिओ घरात असो वा मोटारीत, त्याला परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून घ्यायची. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली. आज साठी ओलांडलेल्या माझ्या वाचकांपैकी अनेकांनी वडिलांच्या कपाटात ती पुस्तिका पाहिली असेल.

युद्धाने दिलेल्या दोन गोष्टी

मोटारीतल्या रेडिओला खरी कलाटणी दिली ती लष्कराने. त्यातला मुख्य माणूस एडविन आर्मस्ट्राँग. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला होता. १९१८ मध्ये तिथे त्याने सुपरहेटरोडाइन पद्धत बसवली. येणारी लहर कोणत्याही फ्रिक्वेन्सीची असो, तिला संचातल्याच एका लहरीत मिसळायचं, एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि मगच मोठी करायची. तुमच्या-माझ्या गाडीतला प्रत्येक रेडिओ याच तत्त्वावर चालत आला.

त्याचं दुसरं काम एफएमचं. १९३३ च्या डिसेंबरमध्ये त्याला पेटंट मिळालं. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो. वीज कडाडली, ठिणगी पडली, की तीही उंचीतच भर घालते, आणि संचाला खरं-खोटं वेगळं करता येत नाही. आर्मस्ट्राँगने आवाज फ्रिक्वेन्सीच्या चढउतारावर बसवला. मग संच लहरीची उंची सरळ छाटून टाकू शकतो. ठिणगी छाटली जाते, आवाज राहतो. १९२२ मध्ये जॉन कार्सन या नामवंत अभियंत्याने गणिताने दाखवलं होतं की एफएममध्ये काही फायदा नाही. आर्मस्ट्राँगने पट्टा रुंद करून ते प्रत्यक्षात खोटं ठरवलं.

याचा उपयोग सर्वांत आधी कुणाला झाला असेल? धावत्या, ठिणग्या उडवणाऱ्या वाहनांना. १९४० मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत एफएमचे दुहेरी संच बसवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रणगाड्यांतही एफएम संच आले. रणगाडा म्हणजे इंजिनाचा गोंगाट, साखळ्यांचं घर्षण, आणि आतली माणसं बाहेरचं काही न ऐकणारी. तिथे स्वच्छ आवाज म्हणजे जिवंत राहणं. जर्मन रणगाड्यांचे संच जुन्या पद्धतीचे होते. आर्मस्ट्राँगने युद्धकाळात लष्कराकडून आपल्या पेटंटांचं मानधन घेतलं नाही. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकेत एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला गेला आणि आधी विकलेले संच निकामी झाले. मोठ्या कंपन्यांशी वर्षानुवर्षं चाललेल्या पेटंटच्या खटल्यांनी तो खचला. ३१ जानेवारी १९५४ रोजी त्याने स्वतःचं जीवन संपवलं. आपण गाडीत बसल्याबसल्या एफएमचं बटण दाबतो त्यामागे या माणसाचं आयुष्य आहे.

युद्धाची दुसरी देणगी आपल्या भागातली. माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी सिलोनमध्ये रेडिओ केंद्र चालवलं आणि तिथे शॉर्ट वेव्हचा १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर आला. युद्धानंतर हे सगळं रेडिओ सिलोनकडे गेलं. म्हणजे ज्या केंद्रावरून पुढे अमीन सयानींच्या गीतमालेने भारत वेडा केला, त्याचा पाया फौजी होता. ऑल इंडिया रेडिओवर चित्रपटसंगीताला आडकाठी झाली तेव्हा लोक सिलोनकडे वळले, आणि त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. जवानांसाठी ‘जयमाला’ आली. छावण्यांत, सीमेवरच्या चौक्यांत आणि रात्रीच्या ट्रकांच्या केबिनमध्ये तो कार्यक्रम किती ऐकला गेला, हे मी वेगळं सांगायला नको.

रेडिओची युद्धातली ताकद १९७१ ने दाखवली. मार्चमध्ये चितगावजवळच्या कालुरघाटच्या ट्रान्समीटरवरून स्वाधीन बांगला बेतार केंद्राने स्वातंत्र्याची घोषणा ऐकवली. ३० मार्चला पाकिस्तानी विमानांनी तो ट्रान्समीटर उडवला. २५ मेपासून ते केंद्र कलकत्त्यातून ५० किलोवॅटच्या मीडियम वेव्हवर बोलू लागलं. डिसेंबरमध्ये जनरल माणेकशॉ यांचे शरणागतीचे संदेश रेडिओवरून थेट पाकिस्तानी सैनिकांपर्यंत पोहोचवले गेले. शत्रूच्या खंदकात शिरायला मीडियम वेव्हला कुणाची परवानगी लागत नव्हती, मधल्या एकाही मनोऱ्याची गरज नव्हती.

एफएम आला, घाट आडवे आले

भारतात एफएम पहिल्यांदा सुरू झाला तो मद्रासमध्ये, २३ जुलै १९७७ रोजी. मुंबईच्या त्या पहिल्या स्टेशनला त्याच दिवशी पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. पण मोटारीत एफएम खऱ्या अर्थाने रुळला तो नव्या शतकात, २००१ मध्ये बेंगळुरूला पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झाल्यावर. त्याआधीची दोन दशकं कॅसेटची होती. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, आणि नवी गाडी घेतली की दिल्लीत करोल बाग किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला जाऊन स्टिरीओ बसवून घेणं हा जणू संस्कारच झाला.

एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांब. तिला जमिनीला धरून वाकता येत नाही. ती नजरेच्या रेषेत चालते, साधारण क्षितिजापर्यंत. याचा हिशोब सोपा आहे: मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि चारने गुणा, तेवढे किलोमीटर. शंभर मीटरच्या मनोऱ्याला चाळीस किलोमीटर. मनोरा डोंगरावर असेल तर चित्र पालटतं. तमिळनाडूत कोडाइकनालचं आकाशवाणीचं १००.५ मेगाहर्ट्झचं स्टेशन दोन हजार मीटरहून उंचावर आहे, म्हणून खालच्या मैदानातल्या कितीतरी जिल्ह्यांत ते ऐकू येतं.

घाटात आवाज फाटतो याचं कारण हेच. गाडी डोंगराच्या सावलीत गेली, रेषा तुटली. सिग्नलला थांबल्यावर आवाज फाटतो त्याचं कारण वेगळं. मनोऱ्यावरून थेट आलेली लहर आणि समोरच्या इमारतीवर आपटून आलेली लहर त्या नेमक्या जागी एकमेकींना मारतात. लहर तीन मीटरची असल्यामुळे गाडी अर्धा-एक मीटर पुढे घेतली की बहुतेक वेळा काम होतं. मागचा हॉर्न वाजायच्या आत घ्या, म्हणजे झालं.

दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं येत असतील तर एफएम त्यांची खिचडी करत नाही. जे जरासं जोरकस, ते दुसऱ्याला पूर्ण झाकतं. म्हणून महामार्गावर एका वळणावर मराठी जाहिरात आणि पुढच्या वळणावर कन्नड गाणं असा झटका बसतो. लहर क्षीण झाली की चांगला संच स्टिरीओ सोडून हळूच मोनोवर येतो, म्हणून आवाज एकाएकी अरुंद वाटतो. स्पीकर बिघडलेला नसतो.

आपल्या संचाची ओळख

आता थोडं कामाचं. भारतात मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. १९७८ पासून युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या मोठ्या भागात हा नियम आहे. त्यामुळे आपल्या कुठल्याही मीडियम वेव्ह स्टेशनच्या आकड्याला नऊने पूर्ण भाग जातो. ५५८, ७९२, नागपूरचं ५८५, बेंगळुरूचं ६१२, धारवाडचं ७६५, पणजीचं १२८७, करून बघा. अमेरिकेत हे अंतर दहाचं असतं. अमेरिकेसाठी बनलेला संच इथे बसवला तर काटा बहुतेक स्टेशनांवर नेमका बसत नाही. तिकडे एफएमच्या पायऱ्याही वेगळ्या असल्याने दिल्लीचं १०२.६ त्याला सापडणार नाही. संचाच्या सेटिंगमध्ये देश किंवा प्रदेश निवडायची सोय असते, ती आधी पाहा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीत तर एफएमचा पट्टाच खालून सुरू होतो आणि आपल्या पट्ट्याचा वरचा भाग लागत नाही.

अँटेना पाहा. जुन्या गाड्यांची पाऊण मीटरची दांडी ही हौस नव्हती. तीन मीटरच्या लहरीचा पाव भाग म्हणजे पाऊण मीटर. आजची छपरावरची माशाच्या पंखासारखी अँटेना आखूड असते, म्हणून तिच्यात छोटा अॅम्प्लिफायर बसवलेला असतो आणि त्याला बारा व्होल्ट लागतात. मूळ संच काढून मोठ्या पडद्याचा नवा संच बसवला आणि रेडिओ एकदम मरगळला, ही तक्रार मी किती जणांकडून ऐकतो. बहुतेकदा अँटेनाच्या अॅम्प्लिफायरची वीजेची तार जोडायची राहिलेली असते. संचाला दोष देण्याआधी ती तपासून घ्या.

त्यानंतर स्वस्तातले मोबाइल चार्जर, डॅशकॅम, बदललेले एलईडी दिवे. रेडिओ लावा आणि एकेक उपकरण काढत जा. खरखर कशाने थांबली तो चोर. लोकल-डीएक्स असा पर्याय असेल तर शहरात लोकल आणि प्रवासात डीएक्स. आपोआप शोधणारं बटण क्षीण स्टेशन ओलांडून जातं, म्हणून लांबच्या स्टेशनसाठी आकडा हाताने लावा.

ठिणगी परत आली

आता मूळ मुद्द्यावर येतो. १९३० मध्ये गॅल्विनपुढे जो प्रश्न होता तोच आज विजेच्या गाड्यांनी परत आणला आहे. या गाड्यांत ठिणगी नाही, पण मोटरला वीज देणारा इन्व्हर्टर प्रवाहाची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि त्याचा गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पसरतो. तो दाबता येतो, झाकता येतो, पण त्याला खर्च आहे. काही परदेशी कंपन्यांनी सोपा मार्ग निवडला: विजेच्या गाड्यांतून मीडियम वेव्हच काढून टाकला. गॅल्विनने रेडिओसाठी गाडीला गप्प केलं होतं. इथे गाडीसाठी रेडिओला गप्प केलं गेलं.

अमेरिकेत यावर मोठा गदारोळ झाला. २०२३ मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून मीडियम वेव्ह काढण्याचा बेत जाहीर केला आणि त्याच वर्षी मागेही घेतला. प्रत्येक गाडीत मीडियम वेव्ह सक्तीचा करणारं विधेयक तिथल्या काँग्रेसमध्ये मांडलं गेलं, आणि दोन्ही पक्षांचे लोक त्यामागे उभे राहिले. त्यांचा मुख्य मुद्दा गाण्यांचा नव्हता, आपत्तीच्या सूचनांचा होता.

आपल्याकडे आकाशवाणीने बरेच जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. काही जागी डीआरएम ही डिजिटल पद्धत आणली, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत डीआरएम घेणारे संच कारखान्यातूनच बसून येतात. अशा लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. त्यात आवाज एफएमइतका स्वच्छ येतो आणि एकाच ट्रान्समीटरवर एकाहून अधिक कार्यक्रम मावतात. स्वभाव मात्र डिजिटल आहे: लहर पुरेशी असेल तर पूर्ण आवाज, नसेल तर पूर्ण शांतता. मधली खरखर नाही. गंमत अशी, की ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांतल्या बऱ्याच जणांना तिचा पत्ताच नाही.

हे सगळं महत्त्वाचं का, ते सांगतो. सप्टेंबर २०१४ मध्ये काश्मीरच्या पुरात मोबाइलचं जाळं कोसळलं. मे २०१९ मध्ये फनी वादळाने ओडिशाच्या किनाऱ्यावर वीज आणि मोबाइलचे मनोरे दोन्ही आडवे केले. अशा वेळी घरातला टीव्ही बंद, फोन काही तासांत मेलेला. पण दारात उभ्या गाडीत स्वतःची बॅटरी आहे, अँटेना आहे, स्पीकर आहेत. घरातला शेवटपर्यंत चालू राहणारा रेडिओ तोच. त्या वेळी जवळचा एफएमचा मनोराही पडलेला असू शकतो, कारण तो त्याच वादळाच्या तडाख्यात असतो. मीडियम वेव्हचा मोठा ट्रान्समीटर मात्र दोनशे किलोमीटर दूर, सुरक्षित जागी राहूनही पोहोचतो. सैन्यात आम्ही संपर्काची एकच वाट कधी धरत नसू. एक तुटली तर दुसरी हवी, आणि दुसरी पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची हवी. मोबाइल, इंटरनेट आणि एफएम हे तिन्ही जवळच्या मनोऱ्यावर उभे आहेत. त्यांना पर्याय म्हणून लांब पल्ल्याची एक लहर गाडीत राहिली पाहिजे, मग ती जुनी असो वा डिजिटल.

सरकारलाही हे उमगलेलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांना फोनमधला एफएम चालू ठेवायला सांगितलं, आणि त्यात आपत्तीचं कारण होतं. तीच दृष्टी मोटारीच्या मीडियम वेव्हकडे आणि डीआरएमकडे वळायला हवी. पण कंपन्या ग्राहक जे विचारतो तेच ठेवतात. शोरूममध्ये आपण पडदा किती इंची, कॅमेरे किती, हे विचारतो. रेडिओ कोणते पट्टे घेतो हे कुणी विचारत नाही.

म्हणून एवढं करा. आज गाडीत बसाल तेव्हा रेडिओच्या मेनूत एएम किंवा डीआरएम आहे का ते बघा. असेल तर अंधार पडल्यावर एखाद्या मोकळ्या जागी इंजिन बंद करून काटा हळूहळू फिरवा आणि आपल्या गावाला कोणतं केंद्र सर्वांत चांगलं लागतं ते शोधा. तेच दिवसाही तपासा, कारण दिवसा जे लागेल तेच संकटात चोवीस तास भरवशाचं. तो आकडा संचात साठवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि पुढची गाडी घ्याल तेव्हा विक्रेत्याला हा एक प्रश्न नक्की विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.